थंडीत पाय उचलला तरी गाडी थांबेना

प्रश्न : दादा, आम्ही मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून कॅनडात कॅल्गरीला आलो आणि आल्याआल्या एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली. एका पायाने चालवायची इतकी सवय झाली की ब्रेकवर पाय जायचाच नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी आपली आपण हळू होऊन थांबायची. जानेवारीत एका सकाळी उणे २२ होतं, गाडी रात्रभर बाहेरच उभी होती, मुलाला शाळेत सोडायला निघाले आणि कोपऱ्यावर नेहमीसारखा पाय उचलला तर गाडी सरळ पुढे! कसाबसा ब्रेक मारला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो नॉर्मल आहे, नवरा म्हणतो ब्रेक गेलेत, विकून टाकू. खरं कुणाचं?
(एक वाचक, कॅल्गरी)

उत्तर : ताई, खरं सर्व्हिसवाल्याचं, पण नुसतं 'नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवलं हे काही बरं केलं नाही त्याने. तुमचे ब्रेक ठणठणीत आहेत, मारल्यावर लागले ना? थंडीत बंद पडलं ते रीजन, म्हणजे पाय उचलल्यावर मोटर उलटी जनरेटरसारखी चालते, चाकांचा वेग खाते आणि वीज परत बॅटरीत ढकलते, ते. आणि त्यात मोटरचा काही दोष नाही, तिला थंडीशी फारसं देणंघेणं नसतं. वीज घ्यायला नकार देते ती बॅटरी.

लग्नाची पंगत आठवा. वाढपी जिलबीचं ताट घेऊन आग्रह करतोय पण जेवणाऱ्याचे हात थंडीने गारठलेत, घास उचलायलाच वेळ लागतोय. वाढप्याने तरी ओतत राहायचं ठरवलं तर ते पोटात जाणार नाही, पानाबाहेर सांडणार. लिथियम बॅटरीत अगदी हेच होतं. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात, गारठ्यात त्यांची ही हालचाल मंदावते, आणि तरी जोर लावला तर ते आत न जाता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचायला लागतात. असं साचलेलं लिथियम बरंचसं परत कामाला येत नाही, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची कमी होते, आणि जास्तच साचलं तर आत शॉर्ट व्हायचीही भीती. म्हणून गाडीतला बॅटरी सांभाळणारा कॉम्प्युटर आधीच वाढप्याचा हात धरतो. तुम्हाला त्या कोपऱ्यावर जे जाणवलं ते हेच.

आता तुम्ही म्हणाल घरी चार्जर लावला तर थंडीतही चार्जिंग होतं, मग रीजनच का नको? कारण रीजन हे दिसायला साधं पण प्रत्यक्षात फास्ट चार्जिंग आहे. १,८०० किलोची गाडी ताशी ६० वरून ६ सेकंदात थांबवायची तर त्या ६ सेकंदांत सरासरी ४० किलोवॅटच्या आसपास ताकद कुठेतरी जिरवावी लागते. घरच्या भिंतीवरचा चार्जर देतो ७ किलोवॅट. हा फरक बघा, एक जण चमच्याने भरवतोय आणि दुसरा बादली उपडी करतोय. शिवाय खूपच गारठा असला तर चार्जर लावल्यावर बऱ्याच गाड्या आधी बॅटरी गरम करून घेतात, मगच भरायला लागतात.

गाडी हे सांगत नाही असं नाही. टेस्लात पॉवरच्या पट्टीवर रीजनच्या बाजूला ठिपके येतात, निळं बर्फाचं फूलही दिसतं, बाकीच्या गाड्यांत कुठे छोटासा मेसेज, कुठे दिवा. माझं स्पष्ट मत आहे की हे फार कमी आहे. ज्या गाडीने माणसाला ब्रेकवरचा पाय काढायची सवय लावली तिने ती सवय आज चालणार नाही हे ठणकावून सांगायला हवं. टेस्लाच्या सेटिंगमध्ये आता एक पर्याय आहे, रीजन कमी असेल तेव्हा पाय उचलल्यावर गाडी स्वतःच साधे ब्रेक लावते, म्हणजे पायाला रोजच्यासारखंच वाटतं. तुमच्या गाडीत असं काही आहे का ते मॅन्युअलमध्ये शोधा, आणि असलं तर आजच चालू करा.

उपाय म्हणाल तर सगळ्यात मोठा हा की रात्री गाडी चार्जरला लावून ठेवायची आणि निघायची वेळ सेट करायची, म्हणजे निघायच्या आधी बॅटरी गरम होते आणि ती वीज घरच्या मीटरची जाते, गाडीची नाही. पण काही गाड्या फक्त आतली केबिन गरम करतात, बॅटरी तशीच गार, तेव्हा नक्की काय गरम होतंय ते बघून घ्या. तेही नसेल तर चार्जिंग असं लावा की ते निघायच्या जरा आधी संपेल, भरताना बॅटरी थोडी तापतेच. बॅटरीचं वजन काहीशे किलो, ती चालवताना लवकर तापत नाही, शाळा १० मिनिटांवर असेल तर पोचेपर्यंत रीजन येईलच असं नाही. तेवढ्या सकाळी जुन्या पद्धतीने पाय ब्रेकवर ठेवूनच चालवा.

आणि बर्फावर तर पूर्ण रीजन मिळत असलं तरी कमीच ठेवा. ते फक्त मोटर असलेल्या चाकांवर लागतं, मोटर मागे असेल आणि खाली काच झाली असेल तर अचानक पाय उचलल्यावर मागची चाकं घसरू शकतात. गाडी लगेच सावरते, पण आपल्या काळजात धस्स होतं ते होतंच. त्यात तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात आणि तुम्ही ब्रेक वापरत नाही, म्हणजे डिस्क गंजणार, तेव्हा मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक मारत जा. गाडी विकू नका हो. नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या दर १० नव्या कारपैकी जवळपास ९ इलेक्ट्रिक होत्या, आणि तिथला हिवाळा काही पुण्यासारखा नाही.

प्रश्न : आमच्या निफाडला पारा ५-६ वर येतो, पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या कराव्या लागतात. नवी इलेक्ट्रिक गाडी घेतोय, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवाली, ती थंडीला जास्त नाजूक असते म्हणतात. ब्रेकचं काय?
(एक बागायतदार, निफाड)

उत्तर : भाऊ, एलएफपी थंडीला जास्त नाजूक हे खरंय, पण चार्जिंगची खरी अडचण शून्याच्या आसपास आणि खाली सुरू होते. बाहेर पहाटे ५ असलं तरी आदल्या संध्याकाळी चालवलेल्या गाडीची जड बॅटरी रात्रभरात तेवढी गार होत नाही. सकाळी रीजन जरा कमी वाटलं तर वाटेल, बागेपर्यंत जाऊन याल तोवर विसरूनही जाल.

तुम्हाला सांभाळायचंय ते वेगळंच. पंगतीतला दुसरा माणूस आठवा, ज्याचं पोट भरलंय. समजा पाचगणीला हॉटेलवर रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के केली आणि सकाळी पसरणी घाटाने वाईला उतरलात. जागाच नाही म्हटल्यावर रीजन मिळणार नाही, उतारभर साधे ब्रेक दाबत बसाल आणि ते तापतील. हिशोब सोपा आहे, १,८०० किलोची गाडी ६०० मीटर खाली येते तेव्हा साधारण ३ युनिट ऊर्जा मोकळी होते, त्यातली काही हवेत आणि टायरमध्ये जाते, उरलेली बॅटरीची. ४० युनिटची बॅटरी असेल तर ९० टक्क्यांवर थांबा, ४ युनिटची जागा राहते, फुकटची वीजही मिळते. तुमच्या जवळच्या कसारा घाटात रेल्वेची आताची थ्री-फेज इंजिनं हेच करतात, पण ती वीज वरच्या तारेत सोडतात, तिथे दुसरी गाडी ती ओढून घेते. त्यांना थंडी नाही की पोट भरणं नाही.

प्रश्न : मिनिॲपोलिसला असतो. हिवाळ्यात रेंज खूप कमी होते ती रीजन बंद पडतं म्हणूनच ना?
(एक वाचक)

उत्तर : थोडीशी त्याने, पण मुख्य चोर हीटर. शहरात तासाला ३० किलोमीटर जात असाल तर चालवायला ४-५ युनिट लागतात आणि साधा हीटर त्याच तासात आणखी २-३ युनिट सहज खातो. हीट पंपवाली, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारी गाडी असेल तर कमी. नसेल तर केबिन जरा गार ठेवून सीटचा आणि स्टिअरिंगचा हीटर लावा, त्यांना अगदीच थोडी वीज लागते.