मोन्झा की मोंझा?

मित्रा,

तुझा प्रश्न एका ओळीचा: 'मोन्झा' लिहू की 'मोंझा'? तुझ्या शब्दकोड्याचं जाळं पाहिलं आणि प्रश्न कुठून आला ते कळलं. आडव्या 'इमोला'तला 'मो' तुला उभ्या शब्दाच्या सुरुवातीला हवाय, म्हणून अनुस्वार नकोसा झालाय. शुद्धलेखन राहू दे. ज्याला मोटारशर्यतीतलं ओ की ठो कळत नाही, त्याने तो 'मो' आणायचा कुठून? दोन्ही गावं इटलीतली, दोन्ही शर्यतीमुळेच ठाऊक. अनोळखी नावाच्या प्रत्येक घरातून ओळखीचा शब्द गेला पाहिजे. प्रत्येक घरातून!

आता जपानमधलं 'सुझुका' बघ. सुई, झुळूक, कागद. नाव कधी कानावर पडलं नसलं तरी आपोआप भरतं. शिवाय तिथला मार्ग इंग्रजी आठासारखा, पुलावरून स्वतःलाच ओलांडणारा; शोधसूत्राला, म्हणजे शब्द ओळखायच्या खुणेला, आणखी काय हवं? उलट बेल्जियममधलं 'स्पा' म्हणजे एकच घर, सोडून दे. (शर्यतीचा मार्गही त्या गावात नाही, जवळच्या फ्रँकोरशाँकडे आहे.) आणि 'मोन्झा'तल्या 'न्झा'मधून काय नेणार आहेस? 'मोंझा' केलंस तर 'मों' अडतं. नाव कितीही लाडकं असलं तरी काढ.

लाडक्या नावाचं मला सांगू नकोस. मीही एकदा इंग्लंडमधल्या 'सिल्व्हरस्टोन'साठी अख्खं जाळं वाकवलं होतं. १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तिथे झाली, एवढं नावाजलेलं गाव कोड्यात नको? 'ल्व्ह'मधून जाणारा सोपा शब्द मला सापडत नव्हता. ते घर तसंच लोंबकळत ठेवलं. एका वाचकाने विचारलं, "हे कोडं तुम्ही स्वतःसाठीच रचलंत का?" फार राग आला. शोधसूत्र उत्तम होतं, हे आजही म्हणेन. पण शोधसूत्र उत्तम असून चालत नाही रे. ज्याला ते उलगडत नाही, त्याला आडव्या-उभ्या शब्दांचाच आधार असतो, आणि तो मी काढून घेतला होता.

तो कोपरा मोड. 'मो'मधून मोर ने, 'ला'मधून लाडू, आणि मग पाठव. 'इमोला' मात्र ठेव. १९८१ ते २००६ सान मारिनो या वेगळ्या, छोट्या देशाच्या नावाची शर्यत व्हायची इटलीतल्या त्या गावात, यावरचं तुझं शोधसूत्र मला सुचलं नसतं.