बडोद्यातल्या शाळेत एक रिकामा वर्ग मुलांच्या फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) मिळाला आहे, आधी काय करावं?

आधी खोली कुठल्या मजल्यावर आहे ते पाहा. वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर मुख्याध्यापकांना सांगून तळमजल्यावरची मागून घ्या, शक्यतो स्वच्छतागृहाजवळची. रॅम्पचा उतार १:१२ हवा. म्हणजे जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. नुसती फळी टाकून भागत नाही. दार मोकळं ९० सेंटिमीटर आणि आत चाकाची खुर्ची वळायला दीड मीटर जागा सोडा.

खरा प्रश्न थेरपीसाठी छताला टांगायच्या झोक्याचा. आपल्याकडे घरोघर झोपाळे, त्यामुळे कडी बसवणारा कारागीर लगेच सापडेल. पण घरचा झोपाळा पुढेमागे जातो, थेरपीचा झोका गोल फिरतो, मूल त्यावर उड्याही मारतं. कडी कुठे आणि किती भार घेणारी, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या. खाली जाड गाद्या, चारी बाजूंना मोकळी जागा. आणि छताचा पंखा काढून भिंतीवरचे लावा, हे हात जोडून सांगते.

पॅरलल बार (धरून चालायचा सराव करायचे दोन समांतर दांडे), मोठा आरसा, न घसरणारी फरशी हे तर लागेलच. एक कोपरा मंद उजेडाचा, पडदा लावलेला ठेवा. गोंधळलेल्या मुलाला तिथे दहा मिनिटं शांत बसता आलं, तर पुढचा तास कामी येतो.

टेबल-खुर्च्या मात्र मुलांना बसवून, त्यांचे पाय जमिनीला टेकतात का ते बघूनच घ्या.