जोडी जमेना

प्रश्न : माझ्याकडे कॉर्न स्नेक या बिनविषारी अमेरिकन सापांची जोडी आहे. दोघंही साडेतीन वर्षांचे, खाणंपिणं व्यवस्थित. दोन वर्षं एकाच टाकीत आहेत, पण एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. काय करावं?

उत्तर : आधी मला सांगा, ती जोडीच आहे ना? हसू नका. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून मी तीन हिवाळे दोन नरांचं लग्न लावायला बसलो होतो! नराची शेपटी लांब असते आणि बुंध्याशी बरंच अंतर जाड राहते. मादीची चटकन निमुळती होते. तरी शंका असेल तर जाणकाराकडून तपासून घ्या. शेपटीच्या बुंध्याशी असलेल्या छिद्रात सळई घालून नर-मादी ओळखण्याचा प्रयोग घरी नको, इजा होते.

जोडी खरी असेल, तर आजच वेगळी करा. बारा महिने एकत्र राहिलं की नराला मादीच्या वासाचं अप्रूप उरत नाही. शिवाय तुमची टाकी वर्षभर उबदार असणार. मग वसंत, म्हणजे जुळायचा काळ, आला हे त्यांना कळायचं कसं? थंडी तुम्हालाच आणावी लागेल. मादी तीनशे ग्रॅमच्या वर आणि ठणठणीत असेल तरच हे करा. दोन आठवडे खाणं बंद ठेवा, पण उष्णता चालू राहू द्या, म्हणजे पोट रिकामं होईल. पोटात उंदीर राहिला तर थंडीत तो पचत नाही, सडतो, आणि साप दगावतो. मग तापमान हळूहळू 10 ते 13 अंशांवर आणा. दोन-अडीच महिने अंधार, शांतता आणि फक्त पाणी.

नंतर ऊब द्या, दोघांना खाऊ घाला आणि मादी कात टाकण्याची वाट बघा. सगळी गंमत त्या कातेनंतर आहे. मादीच्या त्वचेवरच्या स्निग्ध द्रव्यांतून नराला निरोप मिळतो. गार्टर या दुसऱ्या एका अमेरिकन सापामधली अशी द्रव्यं 1989 मध्ये ओळखली गेली. मादीला नराच्या टाकीत सोडा. इतके दिवस सुस्तावलेला नर झटके देत तिच्या अंगावरून सरकेल, हनुवटी पाठीवर घासेल, शेपटीला शेपटीचा वेढा घालेल. ती पळत राहिली तर बाहेर काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा सोडा. जबरदस्ती नको.

जमलं तर साधारण महिनाभरात ती पुन्हा कात टाकेल आणि त्यानंतर अंडी घालेल. त्याआधीच अंड्यांसाठी ओल्या शेवाळाचा डबा टाकीत ठेवा. नाहीतर अंडी पाण्याच्या भांड्यात सापडतात. माझी सापडली होती.