कॅमेरा आणि आपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला. आमच्या भागातल्या ऊसतोड कामगारांचे फोटो काही वर्षांपासून काढतोय, कारखान्यापर्यंत त्यांच्यासोबत जाऊन आलोय. हार्ड डिस्क भरलीये. इन्स्टाग्रामवर टाकतो, लाइक्स मिळतात, पण प्रोजेक्ट म्हणून कुणी बघत नाही. वेबसाइट करू का पुस्तक?
– एक वाचक, केज

उत्तर : आधी तुमचं मनापासून अभिनंदन, कारण कुणी पाठवलं नसताना स्वतःच्या पैशाने टोळीमागे फिरणं सोपं नाहीये. वेबसाइट आणि पुस्तक दोन्ही सध्या बाजूला ठेवा.

इन्स्टावर काय होतं बघा, डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणारी बाई, मागे कोवळं ऊन, असा फोटो एकटा टाकला की लोक लिहितात ‘काय लाइट आहे’, आणि पुढे जातात. त्या बाईच्या घराने मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलीये, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एकच हिशोब, धरला जातो, उचल फिटेपर्यंत सुटका नाही, हे त्या एका फोटोत कुठून कळणार? ते कळायला फोटो एकापाठोपाठ एक लागतात आणि खाली मजकूर लागतो.

म्हणून पहिलं काम निवडीचं. साधे चार बाय सहाचे प्रिंट काढा, लॅबवाला स्वस्तात देतो, आणि घरात जमिनीवर पसरून ठेवा. दिवसेंदिवस तसेच राहू द्या, येताजाता बघत राहा, उचलत राहा. फोटोग्राफर नसलेल्या माणसाला बोलवा, शाळेतले मास्तर चालतील, त्यांना फक्त विचारा की काय कळतंय. पंचवीस-तीस फोटो उरले तरी खूप झाले. तेव्हाच लक्षात येईल की फडातले फोटो ढीगभर आहेत पण मुकादमाच्या हिशोबाच्या वहीचा एकही नाही, कोपीतला (फडाजवळच्या झोपडीतला) स्वयंपाक आहे पण गावात मागे राहिलेले म्हातारा-म्हातारी आणि कुलूप लागलेली घरं नाहीत. प्रोजेक्ट तिथे अडलेला असतो, वेबसाइट नाही म्हणून अडत नाही.

दुसरं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, हे फोटो आधी त्याच लोकांना दाखवा. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघायच्या आत सनबोर्डवर प्रिंट चिकटवून शाळेच्या व्हरांड्यात लावा, बाया काय बोलतात ते त्यांना विचारून वहीत उतरवून घ्या, तुमच्या कॅप्शन तिथेच तयार होतील. कुणी म्हणालं माझा हा फोटो नको, तर तो काढायचा, कितीही भारी असला तरी. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनचा विषय गाजला तेव्हा कॅमेरे घेऊन खूप जण आले, आणि अशा विषयात चेहरा दिसला की त्याचे परिणाम त्या बाईलाच गावात राहून भोगावे लागतात. मुकादमासमोर विचारलेली परवानगी तर मी परवानगी धरतच नाही, ज्याची उचल डोक्यावर आहे त्याच्यासमोर ती नाही कशी म्हणणार? घरी जाऊन, निवांत, घरातल्या बाईमाणसाला सोबत घेऊन विचारा.

अकोल्याचे फोटोग्राफर सुधारक ओलवे यांचं मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचं काम जरूर बघा. वर्तमानपत्रातली नोकरी सांभाळून त्यांनी ते केलं, कचऱ्याच्या गाडीपासून कामगारांच्या घरापर्यंत ते गेले, म्हणून त्या फोटोत नुसती घाण दिसत नाही, माणसं दिसतात. २०१६ ला त्यांना पद्मश्री मिळाली, पण काम त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. आणि निवड, कॅप्शन, परवानगी हे सगळं झालं की पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मधे सुरू केलेल्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटला लिहा, ग्रामीण माणसांच्या कामावर तिथे सविस्तर छापतात, मराठीतही. पुस्तक त्यानंतर.

प्रश्न : माझा इन्स्टाग्रामवरचा फोटो एका संस्थेने न विचारता अहवालात छापला, नाव पण नाही. म्हणतात, नेटवर टाकलं की सगळ्यांचंच झालं.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : साफ चूक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःहून काढलेल्या फोटोचा मालक फोटो काढणारा, आणि त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क राहतो. नेटवर टाकल्याने तो जात नाही, इन्स्टाग्रामला फोटो दाखवायची परवानगी मिळते एवढंच. हां, नोकरीचा भाग म्हणून काढला असेल किंवा कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क मालकाचा किंवा पैसे देणाऱ्याचा होतो, त्यामुळे असं काम घेताना आधी लिहून घेत जा. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तोही लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात. फोटोखाली आपलं नाव येणं हा तर हक्क विकल्यावरही तुमचाच राहतो. संस्थेला शांतपणे ईमेल करा, मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) तुमच्याकडे आहे असं लिहा, नाव आणि मानधन दोन्ही मागा. संस्था चांगलं काम करते म्हणून गप्प बसू नका, चांगलं काम करणाऱ्यांनी तर आधी विचारायला हवं.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे आणि मी रोज माझ्या आजीचे फोटो काढते, ती मंडईत भाजी विकते. याला डॉक्युमेंटरी म्हणता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगदी म्हणता येईल! तमिळनाडूचे फोटोग्राफर एम. पलनी कुमार यांनी मासे विकणाऱ्या स्वतःच्या आईचे फोटो वर्षानुवर्षं काढलेत, ते बघा म्हणजे शंका राहणार नाही. घरचं माणूस असलं की एक फायदा असतो, पहाटे माल उतरवण्यापासून रात्री चिल्लर मोजण्यापर्यंत तुम्हाला कुणी अडवत नाही, बाहेरच्या फोटोग्राफरला ते कधी मिळत नाही. फक्त फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवून साठवू नका, त्यात फाइल लहान होते, मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. त्या दिवशी कोणती भाजी होती, काय भाव होता, गिऱ्हाईक कोण आलं हे तारखेसकट वहीत लिहीत जा. आणि आजी हो म्हणाली तरच बाहेर दाखवा.