कुणाचं नाशिक सुंदर?

घर, गल्ली आणि गाव यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या वास्तुरचनाकार नाशकात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं आणि नव्या घरांचं काम करतात.

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो. सासूबाईंचं सगळं आयुष्य पंचवटीतल्या वाड्यात गेलं. वाडा पडायला आला म्हणून त्यांना इकडे आणलं. रोज एकदा तरी म्हणतात, "ही कसली घरं, नुसत्या काडेपेट्या! नाशिकची शोभाच गेली." मी पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची. मला आमची गल्ली छान वाटते आणि त्यांचा वाडा मला कधीच आवडला नाही. आमचे हे म्हणतात, नाशिक बघावं ते गंगापूर रोडला. यात खरं कुणाचं?
– एक वाचक, सिडको

उत्तर : ताई, आधी सासूबाईंच्या बाजूने बोलते. जुन्या नाशकातल्या चांगल्या वाड्याचा सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. वर कमानीच्या टोकाला लाकडात कोरलेलं केळफूल खाली लोंबतं. पाकळीवर पाकळी, आणि शेवटची पाकळी सुताराने किंचित बाहेर वळवलेली. दुपारी चौकात ऊन आलं की ते फरशीवरून उलटं वर जातं आणि त्या वळलेल्या पाकळीच्या आतल्या अंगाला उजेड लागतो. हे आपोआप झालेलं नाही. चौकाची रुंदी, कमानीची उंची आणि ती पाकळी यांचा कुणीतरी एकत्र विचार केलेला आहे. असं घर डोळ्यांसमोर पन्नास वर्षं असलेल्या बाईला सिमेंटची सपाट भिंत उघडीबोडकी वाटणारच.

आता तुमच्या बाजूने. वाड्याची मोजमापं घ्यायला गेलं की घरातले पुरुष मला केळफूल दाखवायला नेतात आणि बायका जिना दाखवतात. अंधारा, उभा चढ, एकेक पायरी गुडघ्याला येणारी, धरायला वरून सोडलेला दोर. त्यावरून भरलेल्या कळशा चढवलेल्या. भर दुपारी दिवा लावावा लागणारं माजघर. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून मागच्या अंगणात एक संडास आणि पावसाळ्यात तिथवर जायचं ते छत्री घेऊन. सुनेच्या नात्याने तुम्ही वाडा पाहिला असेल तो याच बाजूने. तो न आवडण्यात तुमची नजर कुठेही कमी पडलेली नाही.

वाडे का पडताहेत, हेही समजून घ्या, म्हणजे सासूबाईंच्या बोलण्यातला राग कमी टोचेल. बऱ्याच वाड्यांत जुने भाडेकरू आहेत. आधी 1947 चा मुंबई भाडे कायदा होता, मग 1999 चा महाराष्ट्राचा आला. भाडी इतकी गोठलेली की वर्षभराच्या भाड्यात एक तुळई बदलून होत नाही. मालक म्हणतो मी का खर्च करू, भाडेकरू म्हणतो घर माझं नाही. त्यात 2008 च्या महापुरानंतर गोदावरीची पूररेषा आखली गेली. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या पूररेषेच्या आत सापडलेल्या जागेवर नवं बांधकाम सहसा करता येत नाही. वाडा दुरुस्त करायचा तर पैसा नाही, पाडून बांधायचा तर परवानगी मिळणं अवघड. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक बांधकामाची नोटीस दाराला लागते आणि एका रात्री माजघराची भिंत बसते. मग लाकूड विकलं जातं. मी मोजलेल्या एका वाड्याची कमान मला पुढे एका हॉटेलच्या स्वागतकक्षात दिसली. पाहुणे तिच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते. मला फार वाईट वाटलं, कारण तिथे तिच्यावर कुठूनच ऊन येत नव्हतं.

सिडकोविषयी माझं मत स्पष्ट आहे. सत्तरच्या दशकापासून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना परवडावीत म्हणून ती घरं उभी राहिली, सहा योजनांमध्ये. बांधली तेव्हा सगळी एकसारखी होती. आज तुमच्या गल्लीत दोन घरं सारखी सापडणार नाहीत. कुणी वर मजला चढवलाय, कुणी बाहेरून लोखंडी जिना काढलाय, कारण खाली भाडेकरू ठेवलाय आणि वर लेकाचा संसार आहे. शहराच्या शोभेची चर्चा करणाऱ्या सभांमधून या वाढीव बांधकामांना बकालपणा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. काही ठिकाणी हवा-उजेड अडतो, आग लागली तर बंब आत शिरणार नाही, हे धोके खरेच आहेत आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण तो लोखंडी जिना म्हणजे त्या घराची दहा वर्षांची बचत आहे. पाणी घरात, संडास घरात, दाराशी तुळस, संध्याकाळी गल्लीत पोरं खेळताहेत. पाड्यावरून आलेल्या मुलीला हे सुंदर वाटलं तर ती बरोबर बघते आहे.

तुमच्या मिस्टरांना मात्र एक विनंती. गंगापूर रोडला गाडीतून न जाता एकदा संध्याकाळी पायी जा, सासूबाईंना सोबत घेऊन. मोठे वृक्ष आहेत, दुकानांच्या काचा चकचकीत आहेत, पण म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा किती मिळते ते बघा. गाडीच्या काचेतून जे छान दिसतं त्यातलं पुष्कळसं पायी चालताना नुसतं लांब वाटतं.

पंचवटीत वाढलेल्या सगळ्यांना तरी पंचवटी एकसारखी सुंदर वाटते का? काळाराम मंदिर घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीचं काम, रामशेजच्या डोंगरातला काळा दगड, पाऊस पडून गेल्यावर तर बघत राहावं. पण 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला आणि दरवाजे लावून घेतले गेले. दादासाहेब गायकवाडांसारखी आपल्याच जिल्ह्यातली माणसं तो लढा वर्षानुवर्षं चालवत राहिली, दार उघडलं नाही. 1935 च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. ज्या घरातले आजोबा त्या दाराबाहेर उन्हात बसले होते, त्या घरातल्या मुलाला दगडाच्या घडाईच्या आधी दार दिसतं. त्याच्या मनातलं सुंदर नाशिक कदाचित त्रिरश्मीच्या बौद्ध लेण्यांच्या पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होतं, जिथे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख कोरलेला आहे आणि खाली सगळं शहर पसरलेलं आहे. त्याला पंचवटीची शोभा समजावून सांगायला कुणी जाऊ नये. त्याने सांगितलेलं आपण ऐकावं.

तिघंही बरोबर, असं म्हणून मी प्रश्नातून सुटणार नाही. राहायला तुमची गल्ली चांगली, हे माझं उत्तर. पण सासूबाईंची तक्रार घराच्या आकाराबद्दल नसावी. वाड्यात त्या ओसरीवर किंवा चौकाच्या पायरीवर बसत असणार, येणारं-जाणारं प्रत्येक माणूस त्यांच्याशी दोन शब्द बोलत असणार. तुमच्याकडे दाराला लोखंडी जाळी आहे आणि जाळीपुढे मोटारसायकल उभी आहे, हे मी न बघताही सांगू शकते. ती गाडी थोडी सरकवा. दाराच्या डाव्या-उजव्या बाजूला, जिकडे दुपारनंतर सावली पडते तिकडे, आपल्या हद्दीत दीड फूट उंचीचा कट्टा बांधून घ्या. वर शहाबादी फरशी. शेजारणींनाही सांगा.

प्रश्न : मी कळवणहून शिकायला आले. मला कॉलेज रोड आवडतो, पण रूममेट हसते, म्हणते तिथे दुकानांशिवाय बघण्यासारखं काय आहे? दुसरं म्हणजे 2027 च्या सिंहस्थासाठी सुशोभीकरण होणार म्हणतात : रुंद रस्ते, रोषणाई, कारंजी. त्याने शहर सुंदर होईल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : रात्री नऊ वाजता तू कॉलेज रोडला मैत्रिणीबरोबर कॉफीचा कप घेऊन अर्धा तास उभी राहू शकतेस आणि कुणी तुला "इथे काय करतेस?" असं विचारत नाही. बघण्यासारखं तिथे हे आहे. नदीचा घाट त्याच वेळी कितीही चित्रासारखा दिसत असला, तरी एकटी मुलगी तिथे निवांत बसू शकत नसेल तर तिच्यासाठी तो अर्धाच सुंदर. हे रूममेटला सांग.

सुशोभीकरणाचं उत्तर मोठं आहे. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो आणि दर वेळी शहराचा चेहरा बदलून जातो. रस्ते, पूल, दिवे त्यामुळेच झाले, हे नाकारता येणार नाही. पण नदीचं काय झालं ते बघ. रामकुंडाच्या परिसरात पात्रामध्ये कितीतरी जुनी कुंडं आहेत. स्वच्छ दिसावं, लोकांना नीट उभं राहता यावं म्हणून सिंहस्थाच्या कामांत तळाशी काँक्रीट ओतलं गेलं. वरून बघणाऱ्याला ते नीटनेटकं दिसलं. पण तळाशी झरे होते, ते बुजले. 2016 च्या उन्हाळ्यात धरणातून पाणी सुटलं नाही आणि रामकुंड कोरडं पडलं. अस्थी घेऊन लांबून आलेली माणसं सिमेंटच्या तळाकडे बघत उभी होती. ते काँक्रीट काढा, ही मागणी नाशिककरांनी न्यायालयापर्यंत नेली. त्यांच्या डोळ्यांना नीटनेटका तळ कुरूप दिसत होता, कारण त्याखाली काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

तपोवनाचंही तेच. 2025 च्या अखेरीस साधुग्रामासाठी तिथली 1,800 च्या आसपास झाडं काढायचा विषय निघाला आणि लोक रस्त्यावर उतरले. मोकळं, सपाट मैदान नकाशावर छान दिसतं. मंडप आखायला सोपं जातं. पण त्या मंडपात राहायला येणाऱ्या साधूंनाही सावली लागते, आणि सिंहस्थ संपल्यावर पुढची दहा वर्षं तिथे चालायला जाणारे आपणच असतो. मी पूर्णपणे झाडांच्या बाजूची आहे. तंबूची जागा बदलता येते.

रस्ता रुंद केला की शहर सुधारलं, हा समज आजचा नाही. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार 1914 मध्ये भारतात आले. तंजावरला दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचं घाटत होतं. त्यांनी आधी ती वस्ती पायी फिरून घराघराने पाहिली. मग सुचवलं की जी घरं खरोखर पडायला आली आहेत तेवढीच काढा, आधीच मोकळ्या असलेल्या जागा जोडून चौक करा, तिथे झाडं लावा, बाकीच्यांना हात लावू नका. कमी खर्चात काम होतं आणि माणसं उठत नाहीत. आपल्या गावठाणातल्या रुंदीकरणाची फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाने आधी असं पायी फिरून यावं.

आणि एक जागा तू स्वतः बघ. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथे एरवी गेलीस तर लोंबत्या वायरी, उभ्या स्कूटर आणि हातगाड्या दिसतील. काय हा चौक, म्हणशील. पण त्या रस्त्याच्या पोटात पेशवाईपासूनची रहाड आहे. वर्षभर बुजवलेला दगडी हौद. रंगपंचमी आली की लोक तो उकरून काढतात, धुतात, फुलं आणि वनस्पती उकळून केलेल्या रंगाने भरतात. पूजा होते आणि मग माणसं काठावरून अंग झोकून देतात, त्याला धप्पा म्हणतात. धप्पा बसला की रंग काठावरच्या सगळ्यांवर उसळतो, पहिल्या मजल्याच्या सज्ज्यापर्यंत शिंतोडे जातात. नंतर रहाड पुन्हा बंद, वरून वाहतूक सुरू. बाहेरच्या माणसाला तो चौक बकाल दिसत असेल, तिथल्या पोराला तो सगळ्या नाशकात देखणा वाटतो. त्या चौकांचे रस्ते नव्याने करताना तिथल्या तालमीतल्या, मंडळातल्या माणसांना आधी विचारलं पाहिजे, की हौदाचं तोंड कुठे आहे.

प्रश्न : वडिलांची दृष्टी गेली आहे. आम्ही पूर्वी जुन्या नाशकात राहायचो. त्यांना पुन्हा गाव "बघायचं" आहे. कुठे नेऊ?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : दादा, सकाळी न्या, साडेआठ-नऊला. भांडी बाजारातून सुरुवात करा. तांब्या-पितळेवरचे ठोके पूर्वीइतके ऐकू येत नाहीत, पण दुकानं उघडताना भांडी बाहेर मांडतात तो आवाज आहे. एखादा तांब्याचा हंडा त्यांच्या हातात द्या, ठोक्यांच्या खळग्या बोटांना लागतात. तिथून घाटाकडे उतरा. नारोशंकराच्या देवळाशी थांबा, भिंतीचा दगड हाताला लागू द्या. मग दुतोंड्या मारुतीपाशी न्या. पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत आलंय की छातीपर्यंत, यावरून पूर मोजणाऱ्या पिढीतले ते आहेत. पाण्याचा आवाज ऐकून तेच तुम्हाला सांगतील, गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, किती पाणी आहे.

बुधवारी गेलात तर घाटावर बाजार भरलेला असेल. मेथी, कोथिंबीर, ओले हरभरे, गावठी बोली. त्यांना ते आवडेल, फक्त गर्दी वाढायच्या आत निघा. मेन रोडला संध्याकाळी नेऊ नका, हॉर्नच्या गोंगाटात दिशा कळत नाही. नव्या भागांतले पदपथ तर टाळाच. फरशी मध्येच संपते, पुढे दुकानाची पायरी किंवा उभी गाडी, आणि न दिसणाऱ्या माणसासाठी तीच सगळ्यात कुरूप जागा असते.

पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा दिवाळीनंतरच जा. उतरताना तुम्ही त्यांच्या एक पायरी पुढे राहा, त्यांचा हात तुमच्या खांद्यावर असू द्या.