अडीच लाखांचं पिस्तूल आणि एम-सीलची ग्रिप

वाचक विचारतात

प्रश्न : माझी मुलगी 14 वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, क्लबच्याच पिस्तुलाने 10 मीटर एअर पिस्तूल खेळते. 60 शॉटमध्ये 535 ते 545 होतात. दुकानदार म्हणतो, आता नवं परदेशी पिस्तूल घ्या, अडीच लाख. शिवाय तिच्या हाताच्या मापाची ग्रिप, म्हणजे मूठ, जर्मनीहून करून आणू, आणखी चाळीस हजार. सोसायटीचं कर्ज काढावं लागेल. एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?
— एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : कर्जाच्या अर्जावर सही केली नसेल, तर थोडं थांबा.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी नेमबाज नाही. भोसरीत टूलरूममध्ये 22 वर्षं फिटर होतो. मुलगा खेळायला लागला म्हणून बालेवाडीच्या रेंजवर जायला लागलो. त्याच्या पिस्तुलाची हवेची गळती काढली, ते बघून दुसऱ्याने त्याचं आणून दिलं, मग तिसऱ्याने. मुलाने बारावीत खेळ सोडला, माझं टेबल मात्र चालूच राहिलं.

तर त्या टेबलावरून जे दिसतं ते असं. मॅच पिस्तुलाच्या पेटीत कारखान्याचं एक छोटं कार्ड असतं. पिस्तूल यंत्रात आवळून 10 मीटरवरून मारलेल्या पाच पॅलेटची, म्हणजे शिशाच्या बारक्या गोळ्यांची, भोकं त्याच्यावर असतात. नीट बघा, पाच भोकं दिसतच नाहीत, कडा जराशा फाटलेलं एकच भोक दिसतं. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं. म्हणजे पिस्तूल सगळीच्या सगळी दहाच मारायला तयार असतं. माझ्याकडे आलेलं 14 वर्षं जुनं, कोपरे झिजून पांढरे पडलेलं एक पिस्तूल मी सील बदलल्यावर वाइसमध्ये धरून मारून पाहिलं. नव्याच्या कार्डाशेजारी ते कार्ड ठेवलं तर कुठलं कुणाचं ते सांगता आलं नसतं.

मग तुमच्या लेकीचे नऊ आणि आठ कुठून येतात? हिशेब करू. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात साधारण फूटभर अंतर. त्या दोघींची रांग एक मिलिमीटर चुकली, तर 10 मीटरवर पॅलेट 30 मिलिमीटरच्या वर सरकते. प्रत्येक 8 मिलिमीटरला एक गुण जातो. म्हणजे मनगट केसभर वळलं की दहाच्या जागी सात, नाहीतर सहा. ही चूक नळीची नाही, पिस्तूल हातात बसण्याची आहे. म्हणून दुकानदाराच्या दोन आकड्यांपैकी मला अडीच लाखांपेक्षा चाळीस हजारांत जास्त तथ्य दिसतं. फक्त ते चाळीस हजार आत्ता घालायचे नाहीत.

कारण वय. 14 वर्षांच्या पोरीचा हात अजून वाढतोय. जर्मनीतल्या रिंकसारखे कारागीर हाताच्या मापावरून अक्रोडाची सुंदर ग्रिप करतात, त्यांच्या कामाला मी हात जोडतो. पण पुढच्या दिवाळीपर्यंत तीच ग्रिप तिला अंगठ्याखाली टोचायला लागेल. लहान पोराला लग्नाचा सूट शिवण्यासारखं आहे ते.

त्याऐवजी काय करायचं? कारखान्याची सगळ्यात लहान मापाची ग्रिप घ्या. तळहाताच्या आतल्या बाजूला लिपस्टिक लावा, तिच्या आईची जुनी चालेल. मग तिला नेहमीसारखं पिस्तूल धरून दहा-बारा वेळा ड्राय करू द्या, म्हणजे पॅलेट न घालता नुसता नेम धरून ट्रिगर दाबू द्या. हात काढला की लाकडावर कुठे रंग लागलाय, कुठे कोरं आहे ते दिसतं. आम्ही टूलरूममध्ये ब्लू, म्हणजे निळा रंग, मारून हाय स्पॉट, म्हणजे उंचवटे, शोधायचो, तसंच हे. भडक रंग उठलाय तिथे अर्धगोल कानशीने दोन हात मारा, दहा नकोत. कोरं आहे तिथे, बहुतेक वेळा तळव्याच्या खळगीत आणि करंगळीच्या मागे, एम-सील मळून लावा. ते ओलं असताना हातावर पातळ प्लॅस्टिक ओढून तिला पिस्तूल धरायला सांगा आणि दोन मिनिटं बोलू देऊ नका. दुसऱ्या दिवशी घट्ट झालं की पॉलिश पेपर. असं तीन-चार रविवार. खर्च शे-दोनशे रुपये. झालं की नाही ते ओळखायची खूण सांगतो : डोळे मिटून हात वर करायचा, मग उघडायचे. माशी खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. डावी-उजवीकडे दिसली तर अजून काम आहे.

एक धोका आहे, आणि तो मी माझ्या हाताने ओढवून घेतलाय. नियमाप्रमाणे आख्खं पिस्तूल 420 गुणिले 200 गुणिले 50 मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं. एका मुलीच्या ग्रिपला दोन्ही बाजूंनी मी एम-सील चढवलं, तिचे गुण वाढले, आम्ही खूश. राज्य स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या, टेबलावर पिस्तूल पेटीत जाईना. जाडी 50च्या वर गेली होती. ती दारात रडत उभी, मी व्हरांड्यात फरशीवर बसून पॉलिश पेपर घासतोय, तिचे वडील घड्याळ बघतायत. सामना सुरू व्हायच्या आधी पिस्तूल पास झालं, पण त्या दिवशी ती 520 खेळली आणि तो दोष माझाच. तेव्हापासून माझ्या टेबलावर प्लायवूडची पेटी आहे. हेही लक्षात ठेवा : ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये, तळव्याखालच्या आधाराची कड वर वळलेली नको, मनगट मोकळं दिसलं पाहिजे.

आता पिस्तुलाचं. स्वतःचं हवंच, कारण क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप तुम्ही कापू शकत नाही, आणि तिला घरी रोज अर्धा तास ड्राय करायचंय. पण नवं कशाला? वरच्या गटात गेलेली किंवा खेळ सोडलेली मुलं दरवर्षी पिस्तुलं विकतात. निम्म्याच्या आसपास किमतीला चांगला सौदा होतो. घेताना तीन गोष्टी बघा. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. या कंपन्या सिलिंडरला 10 वर्षांची मुदत देतात. मुदत संपत आली असेल, तर नव्या सिलिंडरचे पैसे सौद्यातून वजा करा. सिलिंडर भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा उतरलेला नको. ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन लावून बघा, ते उचललं गेलं पाहिजे. आणि तिच्या वयाला आखूड नळीचं कॉम्पॅक्ट मॉडेल मिळालं तर तेच घ्या. पूर्ण मापाचं पिस्तूल किलोच्या आसपास भरतं, आणि चाळिसाव्या शॉटनंतर तो किलो दोन किलोंचा होतो. परवान्याची काळजी नको, 4.5 मिलिमीटर आणि 20 जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला तो लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे जादा पैसे द्यावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार सांगणार आहेच. ट्रिगर मऊ असतो, खरं आहे. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021ला मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, 575 झाले आणि दोन गुणांनी फायनल हुकली. तिच्यामागे अख्खा संघ आणि सुटे भाग होते. तुमच्या गावी कोण आहे? साधा यांत्रिक ट्रिगर घ्या, तो मी पोस्टाने आलेल्या स्क्रूवरही चालू करून देतो. (पॅरिसला 2024मध्ये तिने याच प्रकारात ब्राँझ घेतलं, ते पुन्हा सांगायला नको. तिथेच खिशात हात घालून रौप्य नेलेल्या तुर्की गड्याकडे, युसुफ डिकेचकडे, काहीच साहित्य नव्हतं, असंही लोक सांगतात. हातात मॅच पिस्तूलच होतं हो, नव्हती ती डोळ्यावरची झापडं.)

वाचलेल्या पैशाचं काय करायचं तेही सांगतो. दिवसाला 100 पॅलेट, आठवड्याला पाच दिवस, वर्षाला 50 आठवडे : 25,000. म्हणजे 500चे 50 डबे. चांगल्या मॅच पॅलेटचा डबा हजाराच्या पुढे जातो. दुकानदाराने हा खर्च तुम्हाला सांगितला का? पिस्तूल एकदा घेता, पॅलेट दर महिन्याला घ्याव्या लागतात. नवं पिस्तूल घेऊन पॅलेटसाठी हात आखडणारे पालक मी खूप पाहिलेत.

565 सलग येऊ लागले आणि तिचा हात वाढायचा थांबला, की मला पुन्हा लिहा. तेव्हा जर्मन ग्रिपच्या मापाचा कागद आपण मिळून काढू.

प्रश्न : मी ओहायोत राहतो, क्लबमध्ये बुल्सआय (अमेरिकेतला पिस्तूल नेमबाजीचा प्रकार) खेळतो. 50 यार्डांवर स्लो फायरला (सावकाश मारायच्या फेरीत) शंभरातले 78-80 होतात. साडेचार हजार डॉलरचं हाताने फिट केलेलं 1911 (हे पिस्तुलाचं मॉडेल) घ्यावं की आहे त्या हजार डॉलरच्या पिस्तुलावर भागवावं?
— एक वाचक, कोलंबस

उत्तर : तुमच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ 3.36 इंच. लेस बेअरसारखा कारखाना जादा पैसे घेऊन 50 यार्डांवर दीड इंचात ग्रुप बसेल अशी हमी देतो. आकड्यात खोट नाही, साध्या कारखानी पिस्तुलाला अशी हमी कुणी देत नाही. पण 78 मारणाऱ्याचे शॉट हातभर पसरलेले असतात. त्यातून पिस्तुलाचे दोन इंच काढून टाकलेत तरी गुण एखाददुसराच वाढेल. आहे त्याच पिस्तुलाचा ट्रिगर चांगल्या माणसाकडून साफ करून घ्या, साडेतीन पौंडांच्या खाली न जाता, आणि उरलेल्यातून काडतुसं घ्या. सलग 90 यायला लागले की मग पिस्तुलावर संशय घ्यायला हरकत नाही.

हे झालं गुणांचं. फिटर म्हणून विचाराल तर उत्तर वेगळं आहे. मुलाकडे क्लीव्हलंडला गेलो होतो तेव्हा एका रेंजवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांचं असलं पिस्तूल माझ्या हातात दिलं. रिकामं करून मी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली. फ्रेमच्या खोबणीत ती कुठेच डुगडुगत नव्हती, कुठेच अडत नव्हती, जणू तेलावर चालली होती. पुढच्या बुशिंगमध्ये, म्हणजे नळी धरणाऱ्या कड्यात, नळी अशी बसलेली की बोटाने हलवून काही कळेना. कुणीतरी ब्लू मारून, घासून, पुन्हा ब्लू मारून हे दिवसभर केलंय, हे माझ्या हाताला लगेच कळलं. त्या मजुरीला साडेचार हजार जास्त नाहीत. मी ते परत देईना, तेव्हा मुलगा लाजला. 50 यार्डांवर यातून किती होतात, असं मी त्यांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, 25च्या पुढे मी जातच नाही, डोळे राहिले नाहीत.