मांजरवाल्यांचे प्रश्न: शी होत नाहीये की शू?

या वेळचे प्रश्न वाचताना पहिल्याच प्रश्नावर माझा हात थांबला, आणि अंक छापून यायची वाट न बघता त्या ताईंना मी लगेच उलट कळवलं, कारण तो विषय वाट बघण्यातला नाहीच. पण असं खूप घरांत होतं आणि खूप जण हीच चूक करतात म्हणून इथेही तोच आधी घेते.

प्रश्न: ताई, आमचा बोका चार वर्षांचा आहे, नसबंदी झालेली, घरातच असतो. कालपासून सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, बाहेर येतो, पाच मिनिटांनी परत जातो. मधेच ओरडतो पण. बद्धकोष्ठता झाली असणार असं सगळे म्हणतायत. पोट साफ व्हायला घरच्या घरी काय देऊ?

उत्तर: काही देऊ नका. त्याला पिशवीत नाहीतर बास्केटमध्ये घाला आणि आत्ता व्हेटकडे न्या, रात्र असली तरी.

बोका जोर करताना दिसला की आपल्या डोक्यात आधी शीच येते, कारण बसायची पद्धत बघून लांबून फरक कळत नाही. पण त्याची शू अडकलेली आहे असं समजूनच चाला. बोक्याची लघवीची नळी लांब आणि टोकाशी फारच अरुंद असते. लघवीतले वाळूसारखे बारीक कण आणि चिकट स्राव मिळून तिथे बूच बसतं आणि मग थेंबही बाहेर येत नाही. मूत्राशय फुगत जातं, जे पोटॅशियम लघवीतून बाहेर पडायचं ते रक्तात साठतं, आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण अडकलं तर 24 ते 48 तासांत मांजर जाऊ शकतं, हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, खरंच इतकाच वेळ असतो.

माझ्या भुऱ्याचं असंच झालेलं. मीही दुपारभर शी होत नाहीये असंच धरून बसले होते. संध्याकाळी तो बाथरूममध्ये जाऊन जाळीपाशी गार फरशीवर बसला, जे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि उठून गेल्यावर तिथे टाचणीच्या डोक्याएवढा गुलाबीसर थेंब दिसला, बस एवढाच. तो थेंब मी बोटाने टिपला, वास घेतला आणि तशीच त्याला घेऊन निघाले. भूल देऊन नळी घालावी लागली, तीन दिवस ठेवून घेतलं, पण वाचला, पुढे नऊ वर्षं जगला. तो थेंब दिसला नसता तर मी सकाळपर्यंत थांबले असते.

तर काय बघायचं ते सांगते. गोळे होणारी वाळू वापरत असाल तर रोज साफ करताना शूचे गोळे मोजायची सवय लावा, तुमच्या मांजराचे रोज किती आणि केवढे होतात ते आठवड्यात पाठ होतं. गोळेच नाहीत किंवा अगदी चिमुकले चार-पाच झालेत म्हणजे गडबड आहे. सारखं खाली चाटणं, बेसिनमध्ये किंवा फरशीवर गार जागा शोधून बसणं, उलटी, खाणं सोडणं ही पुढची लक्षणं. पोटाखालून हात लावला तर कधी कधी टणक चेंडू लागतो, पण तो दाबून बघू नका, फुगलेलं मूत्राशय नाजूक असतं.

एकदा झालं की परत होऊ शकतं, म्हणून पुढे पाणी वाढवायचं. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर, त्यामुळे त्यांना तहान मुळातच कमी लागते, भक्ष्यातलं पाणीच त्यांना पुरायचं. नुसतं कोरडं फूड खाणाऱ्या मांजराच्या पोटात त्यामुळे पाणी कमीच जातं. ओलं फूड द्या, पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि खाण्याच्या भांड्याला चिकटून ठेवू नका. काही मांजरांना वाहतंच पाणी आवडतं. आणि ताण हेही खरं कारण आहे बरं, नवीन मांजर, पाहुणे, घर बदलणं, याने मूत्राशयाला सूज येते.

प्रश्न: माझी मनी आठवड्यातून दोन-तीनदा ओकारी काढल्यासारखं करते, कधी केसांचा गोळा पडतो, कधी काहीच पडत नाही. केस गिळल्यामुळेच ना? नॉर्मल आहे ना?

उत्तर: गोळा पडतो ते आणि काहीच पडत नाही ते, या दोन गोष्टी वेगळ्या धरा.

मांजराची जीभ खरखरीत असते कारण तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात, आपल्या नखांसारख्याच पदार्थाचे. त्यात अडकलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शीवाटे निघून जातात, जे पोटात राहतात त्यांचा गोळा होतो, आणि अन्ननलिकेतून दाबून आल्यामुळे तो गोल नसतोच, लांबट वळकटीसारखा असतो, शी समजून बरेच जण घाबरतात. महिन्यातून एखाददोनदा ठीक आहे, त्यात लांब केसांच्या मांजराला जरा जास्तच. पण दर आठवड्याला दोन-तीनदा म्हणजे एकतर केस खूप झडतायत, किंवा ती जास्त चाटतेय, किंवा पोट नीट काम करत नाहीये, यातलं काय ते डॉक्टरांना बघू द्या. तोपर्यंत रोज ब्रश करा, ब्रशला आलेला प्रत्येक केस हा पोटात न गेलेला केस.

आता काहीच न पडणारं. ती जमिनीला चिकटून बसते, मान पुढे लांब करते, कोपरं बाहेर काढते आणि खक् खक् आवाज येतो? तो खोकला असू शकतो. मांजरांना दमा होतो, आणि कित्येक वर्षं घरचे त्याला हेअरबॉल म्हणत राहतात. पुढच्या वेळी आधी मोबाईल उचला आणि व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात ती शहाण्यासारखी बसणार आणि तुम्ही तोंडाने कितीही नक्कल करून दाखवली तरी अर्धा मिनिटाचा व्हिडिओ जास्त सांगतो. झोपेत असताना मिनिटभर श्वासही मोजा, शांत झोपेत 30 च्या आत असायला हवेत.

प्रश्न: हनुवटीवर काळे काळे ठिपके आलेत, माती असेल म्हणून पुसले तर निघत नाहीत.

उत्तर: मुरुम आहेत, मांजरांना होतात. भांडं प्लॅस्टिकचं असेल तर बदला, स्टीलचं किंवा चिनीमातीचं घ्या आणि रोज घासा. कोमट पाण्याच्या बोळ्याने हलकं पुसा, फोडू नका, तुमची पिंपल्सची क्रीम तर अजिबात लावू नका. लाल झालं, सुजलं, पू दिसला तर दाखवा.

प्रश्न: आमची म्हातारी 14 वर्षांची आहे, लांब केसांची. आयुष्यभर इतकी टापटीप, पण आता कमरेपाशी आणि कानांमागे केसांच्या गुठळ्या झाल्यात. हात लावला की चावायला येते. कात्रीने कापून टाकू का? वय झालं म्हणून आळशी झाली असेल असं वाटतं.

उत्तर: आळशी नाही हो, दुखतंय तिला. हा प्रश्न वाचून मला फार वाईट वाटलं, कारण तुमचं प्रेम दिसतंय आणि तरी तिचं दुखणं निसटलंय, आणि ते जवळजवळ प्रत्येकाचं निसटतं. या वयाच्या बहुतेक मांजरांच्या सांध्यांत झीज असते. कमरेपर्यंत मान वळवून चाटायचं तर पाठीचा कणा पिळावा लागतो, ते होत नाही म्हणून नेमकी तिथेच गाठ होते. ती लंगडणार नाही, ओरडणार नाही. पूर्वी एका उडीत कपाटावर जायची ती आता आधी खुर्ची मग टेबल असं करते का? लिटर बॉक्सची कड उंच म्हणून बाहेरच उरकते का? ते बघा.

कात्री नको. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गुठळीबरोबर ती वर ओढली जाते आणि केस समजून आपण कातडीच कापतो, टाके पडतात. गुठळी सुटी असेल तर मुळाशी दोन बोटांत केस घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, मग टोकाकडून थोडं थोडं विंचरा, दिवसाला एकच गाठ, ती वैतागली की थांबा. अगदी कातडीला चिकटल्या असतील तर व्हेटकडून मशीनने काढून घ्या. तेव्हाच पंजेही बघायला सांगा, म्हाताऱ्या मांजरांचं नख वळून पंज्याच्या गादीत घुसतं, चालताना रोज टोचत असतं आणि केसांत दिसत नाही.

आणि दुखतंय म्हणून आपल्या घरातली गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल तर नाहीच नाही, मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. मांजरांसाठीची वेगळी औषधं असतात, त्यांनी खूप फरक पडतो, ती परत स्वतःहून पाठ चाटायला लागू शकते.

प्रश्न: पोटावरचे केस चाटून चाटून टक्कल केलंय. स्वच्छतेचं वेड म्हणायचं का?

उत्तर: वेड म्हणून सोडून देऊ नका. आधी पिसवा बघा, बारीक फणी फिरवा आणि आलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका, तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. ऍलर्जी, मूत्राशयाचं दुखणं, ताण हे नंतर. कुत्र्यासाठी आणलेलं पिसवांचं औषध मात्र मांजराला लावू नका, त्यात अनेकदा पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि त्याने मांजराला झटके येतात.

प्रश्न: दोन छोटे प्रश्न. सोफ्यावर नखाचं अख्खं टरफल सापडलं, नख उपटलं का? आणि मोज्यांचा वास घेऊन तोंड उघडं ठेवून बघत बसतो, हे काय?

उत्तर: दोन्ही ठीक. नखाचा जुना थर तसाच निघतो, आत नवीन धारदार नख तयार असतं. आणि टाळूत मांजराला वासाचं आणखी एक इंद्रिय असतं, तो वास तिथे पोचवतोय. मात्र काही न हुंगता तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर ते वेगळं, मग लगेच न्या.

प्रश्न: घर बदललं. तेव्हापासून चिंगी पलंगाखाली आहे, परवापासून काही खाल्लं नाही. भूक लागली की येईल ना बाहेर?

उत्तर: माणसाचं हे गणित मांजराला लावू नका, त्यात ती गुटगुटीत असेल तर जास्तच नको. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृताकडे येते, ती त्याला झेपत नाही आणि यकृत चरबीने भरून बंद पडायला लागतं, मग भूक आणखी मरते. ओलं फूड जरा कोमट करा म्हणजे वास येईल, बशी पलंगाखालीच सरकवा, लिटर बॉक्स त्याच खोलीत ठेवा, तुमचा वापरलेला टीशर्ट तिच्याजवळ टाका आणि ओढून बाहेर काढू नका. पण परवापासून म्हणजे दोन दिवस होऊन गेलेत, तेव्हा हे सगळं करून बघायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, आजच.